पट्टा सोडण्याची अट

मी मेरेवाई तुइलोमा, वय एकाहत्तर, राहणार वाइनासी, फिजी. डोकं ठिकाणावर आहे, कुणी दटावलेलं नाही. उजवा पंजा नाही, म्हणून हे मृत्युपत्र डाव्या हातानं लिहिते. अक्षराला हसणाऱ्यानं आधी तसं लिहून पाहावं.

१. जमीन कुळाची, तिच्यावर माझा शब्द चालत नाही. वरचं पत्र्याचं घर माझं. ते नात उनाइसी हिला देते. अट एकच: तिनं आल्याच्या कारखान्यातलं सरकत्या पट्ट्यावरचं काम सोडावं.

२. अट का, तेही लिहिते. पट्ट्याखालच्या फिरत्या रुळात आलं अडकतं. पट्टा थांबवला की सगळ्या बायांची मजुरी कापायचे, म्हणून चालत्या पट्ट्यातच हात घालायचा. रुळावरची जाळी मुकादम सेमेसानं काढून टाकली होती. मीही तिथंच कामाला होते, माझा पंजा त्या रुळातच गेला. तो माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. मी इस्पितळात असताना तो देवमाशाचा दात घेऊन घरी आला, गुडघ्यांवर बसला, माफी मागितली. थोरल्या दिरांनी दात घेतला. आमच्यात दात घेतला की विषय मिटला. मग तक्रार नाही, भरपाई नाही. हात माझा गेला, माफ दिरांनी केलं.

३. सेमेसानं माझ्या पेटीला खांदा देऊ नये. मयताला सगळे मिळून पितात त्या यांगोनाचा वाडगा त्याला देऊ नये. पाणी मागितलं तर द्यावं.

४. चटया विणायचं सामान शेजारीण लोसाना हिला. एका हातानं चटई होत नाही, आणि तिनं मागून मागून जीव खाल्लाय.

५. हे कलम आज जोडलं. वरचं सगळं पाद्रीबाबांनी उनाइसीला वाचून दाखवलं. ती कामावरून तशीच आली होती. जाळी बसवली का, मी विचारलं.

"नाही. जाळी असली की काम रेंगाळतं, आजी."

"आम्हीही हेच म्हणायचो गं."

"मग घर राहू दे तुझं. लेकराला काय पत्रे चारू?"

गावात दुसरं काम नाही, हे मलाही ठाऊक आहे. उद्या सकाळी ती पुन्हा जाणार.

म्हणून कलम १ मधली अट साक्षीदारांसमोर खोडली. घर तिचंच. तिच्या हातांचं काय करायचं, ते मला लिहिता आलं नाही.

साक्षीदार: पाद्री आपेनिसा वाकाबुआ, तिमाइमा रोकोसुका, शिक्षिका
सही, डाव्या हाताची: मेरेवाई
वाइनासी, ९ ऑगस्ट २०२२