स्टेपल केलेलं प्रकरण

शनिवार, ६ जानेवारी

गेले एकदाची. तीन आठवडे ग्रंथालयाच्या दारावरचा कागद वाचून नुसतीच परत येत होते – ‘किशोर कादंबऱ्यांचा गट. वयाची अट नाही. आवडती एक कादंबरी आणा, पाच मिनिटं सांगा, शेवट फोडू नका.’ सत्तेचाळिसाव्या वर्षी चौदा-पंधराच्या मुलांची पुस्तकं घेऊन बसायचं म्हणजे जरा अवघडच वाटत होतं. पण वाचते तर मी तीच! माझ्या चष्म्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, लेन्स घासायच्या यंत्राला पुस्तक टेकवून.

वरच्या मजल्यावर लांबोडकी खोली. पडदे पिवळे, त्यामुळे दुपारभर सगळे मधात बुडवल्यासारखे दिसत होतो. ग्रंथपालबाई, एक बसड्रायव्हर, गणिताच्या निवृत्त बाई, चार शाळकरी मुलं आणि मी. ड्रायव्हरदादांनी दोन भाऊ डोंगरावर होडी वाहून नेतात त्या कादंबरीची शिफारस केली. “का नेतात ते सांगणार नाही. बस डेपोत लावली आणि शेवटची वीस पानं सीटवरच बसून वाचली. बायको जेवायची थांबलेली. म्हटलं, थांबू दे.”

माझी पाळी आली तर मी म्हणाले, पुढच्या वेळी.

रविवार, ७ जानेवारी

दुपारी डोळा लागला. ड्रायव्हरदादांची होडी आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर उभी होती. आत कुणीतरी पाठमोरं बसलेलं. हाक मारायची होती, नाव आठवेना.

शनिवार, १३ जानेवारी

घरी येऊन आधी वही उघडली.

आज हिरव्या स्वेटरच्या मुलीची पाळी होती. पंधरा वर्षांची असेल. मागच्या वेळी एक शब्द बोलली नव्हती. आज उभी राहिली आणि आधीच सांगून टाकलं – “मी अडखळते. पाच मिनिटांत होणार नाही. आणि माझं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही.” एवढं बोलायलाच तिला मिनिटभर लागलं. ग्रंथपालबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ केली. मला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या.

मग तिने पिशवीतून पुस्तक काढलं. ‘रिकाम्या टाकीतली मुलगी’.

मला आधी वाटलं, माझेच डोळे. चष्मा काढला, पुसला, घातला. तेच.

तिने सांगितलं – एक मुलगी आहे, तिची जीभ अडते. ती रोज गच्चीवर जाते, सिमेंटच्या रिकाम्या टाकीत डोकं घालते आणि दिवसभर अडकलेले शब्द आत टाकते. टाकी ते ठेवून घेते. “हे पुस्तक मी अकरा वेळा वाचलं,” म्हणाली. “शब्द घशाशी येऊन थांबतो तेव्हा आत काय होतं, हे लिहिलंय. मला वाटायचं, ते फक्त मला माहीत आहे.”

अठरा मिनिटं बोलली. कुणी हललं नाही. एका वाक्यावर खूप वेळ अडकली, तेव्हा तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. दात आवळून बसले.

शेवटी म्हणाली, “सगळ्यांनी वाचा. पण शेवटचं प्रकरण नको. मी ते स्टेपल केलंय.”

खरंच केलं होतं! कडेने सात पिना. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अगं, ग्रंथालयाचं पुस्तक आहे ते.” ही म्हणते, “माहीत आहे. पण त्यात ती एका दिवसात घडाघडा बोलायला लागते आणि सगळे टाळ्या वाजवतात. ते खोटं आहे. इतकं सगळं माहीत असलेल्या बाईने असं का लिहिलं?”

का लिहिलं.

पुस्तक माझं आहे.

रविवार, १४ जानेवारी

बावीस वर्षांत हे कुठेच लिहिलं नाही. इथेही नाही. आज लिहिते.

धाकटी बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिची जीभ अडायची. मी तिच्या वतीने बोलायचे – वाण्याकडे, शाळेत, पाहुण्यांपुढे. तिने तोंड उघडलं की पुढचं मी पुरं करायचे. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. तिला काय वाटायचं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गच्चीवरची टाकी खरी. संध्याकाळी कपडे काढायला गेले की ती दिसायची – पाय बाहेर, डोकं आत. वरती आभाळ हळूहळू विझत असायचं आणि टाकीतून घुमणारा आवाज यायचा, पाण्याखालून यावा तसा. मी जिन्यातच थांबून ऐकायचे. सगळं ऐकायचे. तेच लिहिलं. पंचविसाव्या वर्षी, तीन महिने, रोज पहाटे दुकान उघडायच्या आधी. टोपणनावाने छापलं. घरी कुणालाच सांगितलं नाही.

आणि शेवटी तिला बरी करून टाकली. कागदावर तरी. तेव्हा वाटलं होतं, ही माझी तिला भेट.

दहा प्रतींचं पार्सल आलं, तेव्हा मी दुकानात होते. घरी आले तर पार्सल टेबलावर, दोरी सुटलेली. धाकटी खिडकीशी उभी. मी तिच्याकडे न बघताच पार्सल कपाटात टाकलं. काय बोलणार होते? तिची टाकी मी चव्हाट्यावर मांडली होती. महिन्याभरात ती दूरच्या एका रोपवाटिकेत कलमं बांधायच्या कामाला निघून गेली. अठरा वर्षांची होती. तेव्हापासून वाढदिवसाला दोन ओळी, आणि आईच्या आजारपणात चार दिवस. तेही औषधांच्या वेळा सोडून दुसरं बोलणं नाही.

मी पुन्हा एक ओळ लिहिली नाही. प्रकाशक कधीच बंद पडला. मला वाटलं होतं, पुस्तकही मेलं.

मंगळवार, १६ जानेवारी

एका आजोबांना आज उजव्या डोळ्याची लेन्स डावीकडे बसवून दिली. ते बिचारे म्हणतात, “जग जरा तिरकं दिसतंय, पण छान दिसतंय.”

गुरुवार, १८ जानेवारी

हिरवा स्वेटर दुकानात आला. चष्म्याची काडी सैल झाली होती. गटात ओळख करून देताना मी सांगितलं होतं, म्हणून तिला ठाऊक होतं की दुकान माझं आहे.

स्क्रू आवळत होते. ऊन काउंटरवर आलेलं, ट्रेमधल्या लेन्समधून छताला गोल गोल चांदण्या पडलेल्या. ती मान वर करून त्या बघत राहिली. म्हणाली, “काकू, तुम्ही त्या दिवशी रडत होतात.”

नाही म्हणता आलं असतं. दुकानात धूळ फार, असं काहीतरी. पण या मुलीने सात पिना मारल्या होत्या. तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं?

सांगितलं. पुस्तक माझं, मुलगी माझी बहीण, तिला न विचारता लिहिलं. ती रागावेल असं वाटलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, “आता कशा बोलतात त्या?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“फोन नाही करत मी. तिला फोनवर बोलणं अवघड जातं.”

ती बराच वेळ शब्द जुळवत होती. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि थांबले. “मलाही फोन अवघड जातो,” म्हणाली. “तरी मला कुणी केला की आवडतो.”

काडी घट्ट बसली होती. जाताना दारात वळून म्हणाली, “मी कुणाला सांगणार नाही. पण शेवट बदला.”

शनिवार, २० जानेवारी

गटात चार जणांनी पुस्तक वाचून आणलं होतं. एकच प्रत, हातोहात फिरवलेली, पिनांसकट. गणिताच्या बाई कडक – त्यांना सहसा काही आवडत नाही. म्हणाल्या, “मी तीस वर्षं वर्गात फळ्यापुढे मुलांना उभं केलं. उत्तर लवकर दे, म्हणून ओरडले. हे पुस्तक तेव्हा मिळायला हवं होतं मला.” आणि पर्समधे रुमाल शोधत बसल्या.

ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं – लेखिकेला शोधून काढायचं, गटात बोलवायचं. “जिवंत असतील ना हो?” ड्रायव्हरदादा म्हणाले, “टोपणनाव दिसतंय. पत्ता कसा लागणार?” हिरवा स्वेटर खिडकीबाहेर बघत होता. मी माझ्या चपलेकडे.

कौतुक ऐकायला गोड लागलं. लिहायला लाज वाटते, पण लागलं. घरी येताना रस्ता पायाखालून आपोआप सरकत होता. दोन गल्ल्या पुढे जाऊन परत फिरले.

रविवार, २१ जानेवारी

फोन हातात घेतला. ठेवला. पुन्हा घेतला. ती अडखळेल आणि मी घाईने वाक्य पुरं करेन, याची भीती वाटते. सवय मोडली असेल का माझी? खात्री नाही.

सोमवार, २२ जानेवारी

पत्र लिहिलं. कागदावर तिला वेळ मिळेल, आणि मला मधे बोलता येणार नाही. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

लिहिलं की त्या पुस्तकाबद्दल माफी माग म्हणालीस तर मागते, नको म्हणालीस तरी मागते. जिन्यात चोरून ऐकायचे, तेही लिहिलं. एक मुलगी पुस्तकाचा शेवट खोटा आहे म्हणते, आणि तिचं बरोबर आहे, हेही. तू बरी व्हायला हवी होतीस असं मला वाटायचं – तू जशी होतीस तशी चालणार नाही, असाच त्याचा अर्थ होतो. हे मला बावीस वर्षांनी एका पंधरा वर्षांच्या मुलीने शिकवलं. गटात खरं सांगू का, विचारते आहे. या वेळी आधी विचारते.

टपालपेटीत पत्र टाकलं आणि आत पडल्याचा आवाज ऐकत उभी राहिले. मागच्या माणसाला खोकावं लागलं.

गुरुवार, २५ जानेवारी

उत्तर नाही. लवकर येणारही नाही म्हणा.

शनिवार, २७ जानेवारी

आज माझी पाळी, टाळता येण्यासारखी नव्हती. दुसरं एक पुस्तक नेलं होतं – समुद्राकाठी दिवे लावणाऱ्या मुलीचं, फार सुंदर आहे. त्यावर दोन मिनिटं बोलले. मग ग्रंथपालबाई म्हणाल्या की लेखिकेसाठी त्यांनी सहा ठिकाणी विचारणा केली, एका निवृत्त छापखानेवाल्याच्या घरी स्वतः जाऊन आल्या. भर उन्हात, दोन बस बदलून.

आता गप्प बसणं म्हणजे हद्द होती. म्हणाले, “शोधू नका. ते मी लिहिलंय.”

पिवळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे लांब गेल्यासारखे वाटले. मी एवढंच सांगितलं की गोष्ट ज्या माणसाची आहे त्याला विचारलं नव्हतं, आता विचारलंय, आणि उत्तर येईपर्यंत जास्त बोलणार नाही. ड्रायव्हरदादा म्हणाले, “आणि इतके दिवस आमच्यात बसून ऐकत होतात? काय बाई आहात.” पण हसत म्हणाले. गणिताच्या बाईंनी सरळ विचारलं, “पिना काढायच्या का?”

“नको,” मी म्हणाले. “राहू देत. तिचं बरोबर आहे.”

हिरव्या स्वेटरने तोंडावर हात ठेवला. हसू लपवत होती.

घरी आले, वही उघडली. ही नाही – नवी. नवा शेवट लिहायला बसले. पहिलं वाक्य येईना. मग लक्षात आलं, ते मला माहीतच नाही. अठराव्या वर्षानंतरची धाकटी मला माहीत नाही. काय खाते, कुणाशी बोलते, कलमं बांधताना गाते का – काहीच नाही. वही मिटली.

बुधवार, ३१ जानेवारी

नाही आलं पत्र. टपालवाला मला बघून लांबूनच मान हलवतो.

शनिवार, ३ फेब्रुवारी

गटाला गेले नाही. दिवसभर गादीवर पडून होते. अंगात कणकण. पडद्याची सावली भिंतीवर वरखाली होत होती आणि मी त्या सावलीत पोहत होते, दमतच नव्हते. दुपारी ग्रंथपालबाईंनी फळं पाठवली, सोबत चिठ्ठी – ‘सगळ्यांनी विचारलं. एकीने दोनदा.’

सोमवार, ५ फेब्रुवारी

धाकटीचा फोन आला. पहिला शब्द यायला खूप वेळ लागला. मी थांबले. पुरा केला नाही.

“ताई, कुठलं पुस्तक ग?”

पत्र चार वेळा वाचलं म्हणाली, तरी कळेना. तिने ते पुस्तक कधी बघितलंच नव्हतं. त्यातली एक ओळही नाही. पार्सलची दोरी टपालातच सुटली असणार.

“मग घर सोडून का गेलीस?” मी विचारलं.

“तू माझ्याकडे बघेनाशी झालीस,” ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द. “एकदम. मला वाटलं, माझ्या बोलण्याची तुलाही लाज वाटायला लागली.”

उद्या सकाळच्या गाडीने तिच्याकडे निघते आहे. दुकान बंद राहील, तशी पाटी लावली.