चार आकड्यांचा गळ

१४ जानेवारी २०२४, रविवार
काम मिळालं! सौदीच्या वाळवंटातल्या रोमन किल्ल्यात सापडलेल्या वस्तूंचे स्टँड बनवायचे. खिळे, बक्कल, चमचे, किल्ली — दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिपायांचा रोजचा संसार. आणि म्युझियमने निवडलं कोणाला? जेद्दातल्या अझीझियाच्या गल्लीतल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानाला!

१६ जानेवारी, मंगळवार
किल्ल्याजवळच्या लॅबमध्ये मापं घेतली. एका ट्रेमध्ये चार वाकड्या आकड्यांचं गंजकं लोखंड. चिठ्ठी — 'शस्त्र?' हसूच आलं. वस्तू सांभाळणाऱ्या चित्रा मॅडम पुण्याच्या. म्हटलं, "मॅडम, हा गळ. विहिरीत पडलेली कळशी काढायचा. आमच्या कोकणात घरोघरी."

मागे खोदकामाचे मोठे साहेब इंग्रजीत पुटपुटले — आता वेल्डर शिकवणार! त्यांना वाटलं, मला कळत नाही. सव्वीस वर्षं इथे काढली ती कान उघडे ठेवूनच. म्हटलं, "सर, वेल्डर ओन्ली टेलिंग. यू चेक."

गुरुवारी वस्तूंच्या नावांच्या पाट्या छापायला जाणार. तोवर पुरावा द्या, साहेब म्हणाले. ठीक!

१७ जानेवारी, बुधवार
लॅबमधून रत्नागिरीला अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. एक्क्याऐंशी वर्षांची. अख्ख्या मोहल्ल्याच्या कळश्या तिनेच काढलेल्या. मॅडमनी ट्रे दाखवला.

"गळच तो. पण हलका दिसतो गो बाय. वर शिसं बांधतात, नाहीतर तळाला लोळतो. शिसं कुठाय?"

मॅडम ताडकन उठल्या. दुसऱ्या ट्रेमध्ये भोक पाडलेला शिशाचा गोळा — चिठ्ठी 'अज्ञात'. खोदकामाची वही पाहिली. दोन्ही एकाच विहिरीच्या गाळातले!

साहेब मग स्क्रीनपुढे वाकून म्हणाले, "थँक्यू, मॅडम." अम्मी मला म्हणते, "ह्याला कोणी जेवायला घालत नाही काय रे?"

१८ जानेवारी, गुरुवार
पाटी बदलली! 'विहिरीचा गळ.' खाली बारीक अक्षरात — ओळख पटवली : जोहरा परकार, रत्नागिरी. अम्मीचं नाव! माझी बायको खैरुन्निसा फुरंगटली, "आणि तुमचं नाव?" म्हटलं, माझं नाव कामात. गळ उभा नाही ठेवणार, दोरीवर टांगणार!

१९ जानेवारी, शुक्रवार
नमाजानंतर अम्मीला पाटीचा फोटो पाठवला. लगेच तिचा फोन. "मुनाफ, त्यांचा काचेत ठेवलास. आपला कुठाय रे?"

घरी बोअर मारली त्या वर्षी विहीर मीच बुजवली. गळ भंगारवाल्याला दिला. तिला विचारलंही नव्हतं.