खुंट्याचं बूड

९ एप्रिल
लाईन सकाळी आली अन् च्या उकळेपर्यंत गेली! ताराचंदभाऊची बोरची मोटार घुं घुं करून बसून गेली. मोटार बसली त्याची, पण डोळा आमच्या तळ्यावर. उन्हाळी धान लावला या शेतकऱ्यांनी बोरच्या भरवशावर, अन् आता म्हणून राहिले तळ्याचं तुडूम उघडा. तुडूम उघडलं की पाणी पाटानं त्यांच्या धानाच्या बांधीत जाणार. मग आमची मासोळी काय आभाळात राहील?

खुशीचे बाबा म्हणाले, नेऊ दे, खुंट्यापर्यंत त्याचंच पाणी आहे. माझ्या नवऱ्याले कोणी भाऊ म्हटलं की हा पाघळला!

१० एप्रिल
राग आला तरी खुंट्याची गोष्ट खरीच आहे. दिवाळीनंतर आमच्या ढिवरांतलं मोठं माणूस तळ्यात सागाचा खुंटा गाडते. त्याचं बूड पाण्यात आहे तोवर पाणी शेतकऱ्याचं. बूड उघडं पडलं की तुडूम बंद, अन् उरलं ते मासोळीचं. सासरे गेल्यापासून आमची बुढी गाडते — बायाबाई, माझी सासू. तिनं गाडला म्हणजे गाडला. कोणी मोजाले जात नाही.

१२ एप्रिल
तुडूम उघडलं. पाटात पाणी पाहून ताराचंदभाऊ हसून राहिला होता. मी तोंड फिरवलं.

१६ एप्रिल
लाईन नाही.

१८ एप्रिल
पाणी किती उतरलं! तळ्याच्या पाळीवरून पाहिलं अन् तशीच घरी पळत आले. खुशीच्या बाबाले म्हटलं, बंद करा आता. ते जाऊन पाहून आले. "बूड ओलंच आहे," म्हणे. दुसरे ढिवरही तेच म्हणाले. खुंटा सांगते ते खरं, अन् माझे डोळे खोटे!

बुढी रोज कमळाचे ढेस, चिखलातल्या मुळ्या, काढाले तळ्यात जाऊन राहिली. कमरेपर्यंत भिजून येते. या वयात! म्हटलं, काहून जाता? त म्हणाली, भाजीले होते ना. ढेस दोनच आणते.

२१ एप्रिल
मासोळी वर आली. दुपारच्या उन्हात पाणी नुसतं तापलं, अन् रोहू, कतला सगळी तोंडं वर करून आऽ आऽ करत होती. मले पाहवलं नाही. मांडीभर पाणी उरलं, तरी खुंट्याचं बूड ओलं! आता कुठं सगळ्याइच्या डोक्यात उजेड पडला. खुंटा जागेवर नव्हता. कोणीतरी आत, खोलाकडे सरकवला होता.

तुडूम बंद केलं. करून काय उपयोग?

२२ एप्रिल
एका दिवसात सगळं जाळं ओढावं लागलं. वर्षभर दोन-दोन टोपल्या काढून बाजारात न्यायची मासोळी एकदम काठावर ढीग! खुशीचे बाबा बर्फासाठी साकोलीले गेले. बर्फाच्या कारखान्यातही लाईन नाही. रिकामी पेटी घेऊन परत आले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. संध्याकाळपर्यंत वास सुटला. नुसत्या माश्या.

बोरले लाईन नाही म्हणून आमचं पाणी गेलं, बर्फाले लाईन नाही म्हणून मासोळी गेली. अन् गावावरून तारा कशा थाटात जाऊन राहिल्या!

२३ एप्रिल
हापशीवर ताराचंदभाऊ बैल घेऊन आला होता. चार बायांसमोर त्याले धुतलं. चोर म्हटलं. म्हटलं, तुझ्या भाताले आमच्या मासोळीचा वास येईल, जन्मभर येईल! त्यानं खाली पाहून बैलाले पाणी पाजलं. बोलेल कोणत्या तोंडानं! घरी आल्यावर बरं वाटलं.

दुपारी त्यानंच बैलगाडी आणून सडलेली मासोळी भरून नेली. खत म्हणून त्याच्याच वावरात पडली. वरून आणखी हे!

बुढी जेवली नाही.

९ मे
ताराचंदभाऊचा धान कापून राहिले. लोंब्या मोठ्या भरल्या, म्हणतात. आमच्या घरात पंधरा-सोळा दिवसांपासून जाळं कोरडं टांगलं आहे. खुशीचे बाबा रस्त्याच्या कामावर खडी उचलाले जातात. ढिवराचा माणूस अन् खडी!

१३ मे
आज दिवसभर लाईन. पंखा फुल. धान कापून झाल्यावर!

ताराचंदभाऊ पोतंभर धान आमच्या दारात ठेवून गेला. मी पोतं रस्त्यावर ढकलाले गेले, त बुढीनं हात धरला.

"खुंटा मी सरकवला," म्हणाली. "मासोळीचं बीज पाऊस आला की पानकळ्यात पुन्हा टाकता येते. दाना भरता भरता वाळला त काय टाकशील? भात त आपनही त्याच्याच घरचा खातो."

एवढंच विचारलं, ताराचंदभाऊले माहीत होतं?

"त्यानं मले पाहिलं होतं. हापशीवर माहं नाव घेतलं असतं त त्याचं काय जात होतं?"

मग आतून तळ्यातला उपटून ठेवलेला खुंटा आणला अन् माझ्यापुढं टाकला. यंदा तू गाड, म्हणे.

पोतं अजून दारातच आहे. खुंटा कुठं गाडू मी?