धवले कोण गाईल

पनवेल, १९६१

काशीराम भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

त्या सकाळी मी तव्यावरची भाकरी उलटत होते आणि तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणालात, "वयनी, भामाला मॉरिशसचं स्थळ हाय. पोरगा साखर कारखान्यात. पोरीचं सोनं व्हईल!"

"एवढं सोनं वाटताय, तं तुमच्याच चपला का तुटल्या, भाऊजी?" मी हसले, पण भाकरी करपली.

तुम्ही जहाजाचं बघायला मुंबईला गेलात. मी वाचनालयातून त्या बेटाचं पुस्तक आणलं. राज्य इंग्रजांच्या गव्हर्नरचं. निम्म्याहून जास्त लोक इथूनच मजुरीला गेलेल्यांची नातवंडं. चांगली जमीन मोजक्या मळेवाल्यांकडे. सगळ्यांचं पोट एका उसावर. तांदूळसुद्धा बाहेरून येतो. वादळ झालं की सगळेच उपाशी.

मी भामाला म्हटलं, "एका पिकावरचा देश हाय. नाय म्हण."

ती म्हणाली, "आये, मिठागरावर एक अवकाळी पाऊस पडला का आपलं काय उरतं? बाबा बांध वाचवायलाच गेलेला ना?"

तिचे वडील त्या बांधावरून परत आले नाहीत.

पण एक गोष्ट पुस्तकात कुठेच नव्हती. आपल्यात भट नाही, धवलारीणच लग्नाचे धवले गाऊन लग्न लावते. तिथं भामाच्या लेकीचं लग्न कोण लावील?

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला फक्त माझा होकार कळेल. भामाशी बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन ओवे गावाला गेले आणि गुणाबाई धवलारणीला म्हटलं, "हिला सगळे धवले शिकवा."

तुमची वहिनी,
सखू