नवव्या गाण्यातली रिकामी ओळ

३ सप्टेंबर

लेकीचा, डार्सीचा, गाण्यांचा अल्बम आला. पोस्टमनने थेट दारात आणून दिला — "सोळा वर्षांची पोर, पहिलाच अल्बम, रेडिओवर ऐकली, काय गळा! तुमच्यावरच गेलीय." मी मान हलवली. घशाच्या ऑपरेशनपासून मी मानच हलवते, नाहीतर कुजबुजते. पाकीट फ्रिजवर ठेवलं.

४ सप्टेंबर

फोडलं नाही.

७ सप्टेंबर

ऑर्विलने कामावरून आल्या आल्या पाकीट फोडलं. बूटही काढले नाहीत, तसाच प्लेअर स्वयंपाकघरात आणून लावला. दुसऱ्याच गाण्याला नवरा माझा रडायला लागला. मी शेंगा मोडत होते.

चांगली गाते पोरगी. शब्द स्वच्छ. श्वास कुठे घेते कळत नाही. वर जाताना आवाज जरासा चिरतो, लगेच सावरतो — कंट्री संगीत गाणाऱ्या बायका उभा जन्म घालवतात तेवढ्यासाठी. सगळं कळलं. वाटलं मात्र काहीच नाही! शेजाऱ्यांची पोर गातेय जणू.

नववं गाणं आमचं. याच टेबलाशी बसून आम्ही दोघींनी केलेलं. प्रत्येक कडव्यातली तिसरी ओळ माझी — एकटीची, तिच्याहून वरच्या सुरात. अल्बमवर तिथे कुणीच गात नाही. नुसती गिटार वाजते.

८ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर जेवण. शेजारची वर्ना सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं लोरीन, लेकीने तुला वगळलंच की! एवढं शिकवलंस, आणि तुझी ओळ सफाचट?" बाकीच्या बायका आपापल्या ताटात बघायला लागल्या. मी वर्नाला गोडाचा, पीच पायचा, आणखी एक तुकडा वाढला. राग यायला हवा होता. आला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, आवाज येईल किंवा येणार नाही, गाऊन बघा. मी बघितलेलं नाही. बघून करायचंय काय?

१२ सप्टेंबर

डार्सीचा नॅशव्हिलहून, स्टुडिओतून फोन.

"ऐकलंस?"

"हो. छान."

"आणि नववं?"

"माझी ओळ राहिली वाटतं."

"राहिली नाही गं आई, ठेवलीय! स्टुडिओवाल्यांनी एका बाईकडून गाऊन घेतली होती. चांगली गायली होती ती. मीच काढायला लावली. म्हणाले, तुझी आई तर आता गात नाही ना? म्हटलं, मग ती ओळपण कुणी गायची नाही."

मी "हं" म्हटलं. ती म्हणाली, "जेवलीस का?"

अजूनही काही वाटत नाही. त्याची लाज तेवढी वाटते.

१४ सप्टेंबर

हिवाळ्यासाठी शेंगांच्या बरण्या भरून झाल्या.

१९ सप्टेंबर

भांडी घासताना नववं लावलं होतं. तिसरी ओळ आली आणि तोंडातून आवाज निघाला! जाडाभरडा, पार खालचा. वरचा सूर गेला तो गेलाच. हा कुणाचा आवाज, मलाच कळेना. ओल्या हातांनीच डार्सीला फोन लावला. बोलले काही नाही, ओळ गायले.

"कोण बोलतंय?"

पुन्हा गायले. मग तीही गायला लागली — वरच्या सुरात, माझ्या जुन्या जागेवरून.