सगळे वंदनाच्या मागून

संग्रामपूर, ४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांना फोन झेपत नाही, म्हणून कागदावरच ओरडते. बाबा, आमची नववी निवडली गेली! देशोदेशीची पंधरा वर्षांची पोरं जी परीक्षा देतात, तिची सराव फेरी आमच्या शाळेत आहे. हेडमास्तर पेढे वाटून राह्यले, मला मात्र घास उतरत नाही. गणिताला मास्तर नाही, अर्धं सत्र मी सर्वेक्षणाच्या ड्युटीवर, आणि निम्मा वर्ग कापूस वेचायला. पोरं खडाखडा वाचतात, पण काय वाचलं विचारलं की छताकडं पाहतात.

त्यात वंदना. भाजी विकणाऱ्या तानाबाईची पोरगी, वर्गात सगळ्यांत हुशार. मावशीनं तिच्यासाठी स्थळ आणलंय. या परीक्षेत पोरगी चमकली तर शाळा, नाही तर लग्न, असं तानाबाईनं मला निक्षून सांगितलं. यात कुणी पास-नापास होत नाही, एकेका पोराचा निकालच लागत नाही, हे सांगून माझा घसा कोरडा पडला. निकाल नसलेली कुठं परीक्षा असते का, म्हणते! काय करू? लवकर लिहा. आईला नमस्कार.

तुमची योगिनी

धामणगाव बढे, १० नोव्हेंबर

चि. सौ. योगिनीस अ. उ. आ.

पत्र पावलं. लहानपणी पाढा अडला की तू अशीच रडायची, तुझी आई हसून राह्यली. घाबरते काऊन? माझ्या शाळेत तपासणीले साहेब आला की मी एक हुशार पोरगं उभं करत असो. ते पहिली ओळ म्हणे, मागून सारा वर्ग एका सुरात. साहेब खूश! तू वंदनाले पुढं उभी कर अन् उत्तरं घोकून घे. पुस्तकाबाहेरचं अक्षर कोणी बोललं तर कान धर. पाठांतरासारखं औषध नाही, पोरी. तानाबाईले म्हण, लेक नाव काढते. तब्येतीले जप, अन् आमच्यावर माया ठेव.

बाबांचा आशीर्वाद

संग्रामपूर, २९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना शि. सा. न. वि. वि.

सगळं मुसळ केरात गेलं. तुम्ही सांगितलं तसंच केलं. वर्ग असा गरजायचा की समोरचा दुकानदार वैतागला. चार दिवसांपूर्वी परीक्षा घ्यायला बाहेरचे लोक आले. पोरांना दूर दूर बसवलं, समोर कॉम्प्युटर, ज्याचा त्याचा उतारा वेगळा. मला दाराबाहेर काढलं. खिडकीतून पाहते तर काय, सगळी पोरं मान वळवून वंदनाकडं पाहत होती. ती कधी सुरू करते, याची वाट. आणि वंदना माझ्याकडं पाहत होती. वेळ संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली.

घरी तानाबाईनं विचारलं, तर पेपर कोरा ठेवला म्हणून खरं सांगून टाकलं वंदनानं. मी तानाबाईच्या पाया पडले, बाबा. पण कोऱ्या पेपरासाठी पोरीला आणखी किती बसवू, असं तिनं मलाच विचारलं आणि पोरगी मावशीकडं धाडली. बालविवाह थांबवा म्हणून ग्रामसेवकाकडं गेले. ते म्हणाले, लग्नाची तारीख ठरली की या. पंधराची पोर हो! तुमचं औषध मीच पाजलं तिला. रडू आवरत नाही. रागावू नका, पण मला जवळ घ्या.

तुमची योगिनी

मोताळा, १२ डिसेंबर

आदरणीय मॅडमले वंदनाचा सा. न. वि. वि.

मी इथं बरी हाय. मावशी जीव लावते. पाव्हणे येऊन गेले, रविवारी साखरपुडा हाय. पिवळी साडी आणली.

मॅडम, त्या दिवशीचं मनातून जात नाही. कॉम्प्युटरवर दोन बायांचं भांडण होतं. एक म्हणे पाण्याची टाकी गावाच्या मधात बांधा, दुसरी म्हणे टेकडीवर. कोणाचं पटते अन् काऊन, ते लिहाचं होतं. मले टेकडीवालीचं पटलं. उंचावरून साऱ्या घरी पाणी जाते. आपल्या गावात टाकी खाली बांधली, म्हणून माय रोज हंडे वाहते. पण हा धडा आपण घेतलाच नव्हता. पुस्तकात काय उत्तर हाय, मले माहीत नव्हतं. तुम्ही सुरू करून द्याल म्हणून वाट पाहत बसली.

लोभ असाच राहू द्या. अन् माह्यं उत्तर बरोबर होतं का, तेवढं कळवजा.

तुमची वंदना