नदीला न नेलेली रक्षा

आत्या, तुमचे गुडघे आता दुखत नसतील ना? मामंजींचा खोकला कसा आहे, का तिथंही रात्रभर खाकरून सगळ्यांना जागं ठेवतात? धाकट्या चुलतसासऱ्यांना कुणी दात बसवून दिले का? आणि तुमचा लेक, आमचे हे, पोचले का तुमच्यापाशी? हे विचारायला मला तोंड नाही, कारण ती वाट मीच अडवली. आपल्या घरची रक्षा पंचगंगेला जाते. तुमचीही गेली, आणि डोळे मिटायच्या आधी तुम्ही मला बजावलं होतं, "आपल्या घरात सगळ्यांनी नदीलाच जायचं गं. हितं घुटमळत कुणाला ठेवू नगा." तुमच्या लेकाची रक्षा मात्र मी परसातच ठेवून घेतली, तुम्ही केलेल्या मातीत.

परसातली माती तुमची, असंच मी अजून म्हणते. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तिथं निव्वळ मुरूम होता, पहार मारली की ठिणगी उडायची. त्या पहिल्या उन्हाळ्यातला एक दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सासूला खूश करावं म्हणून मी परस लख्ख झाडून काढते, पाचोळ्याचा ढीग घालते आणि काडी लावते. तुम्ही पिठाच्या हातांनी चुलीपुढनं धावत येता आणि भरलेली घागर त्या जाळावर उपडी करता. "पोरी, जमिनीचं पांघरूण पेटवलंस व्हय? तुला बसवू का चैताच्या उन्हात उघडी?" मी कोपऱ्यात मुसमुसत बसले, तर थोड्या वेळानं तुम्हीच हसत आलात. "रडतीस कशाला? पाणीबी वाया न्हाय गेलं. पाला भिजला न्हवं, आता लवकर कुजंल."

माझी शाळा चौथीत सुटली. पुढची तुमच्याकडं झाली. खड्ड्यात वाळक्यावर ओलं, ओल्यावर वाळकं, मधून शेणकाल्याचा शिपका. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं सगळं त्याच पोटात. वास आंबूस आला की समजायचं ओलं जास्त झालं, वर वाळका पाला घालायचा. वाफ्यावर उसाचं पाचट एवढं जाड अंथरायचं, की खाली बोट घातलं तर भर उन्हाळ्यातही गार लागावं. राख तेवढी चिमटीनं, जास्ती झाली की माती रुसते. तुमच्या माघारी आमचे हे सगळं करायचे. शेजारपाजारचा बदामाचा पाला घंटागाडी यायच्या आत पोत्यात भरून आणायचे. गाडीवाला ओरडायचा, "काका, सगळं तुमीच न्हेलासा तर आमी काय न्यायचं?" आज तिथं हातानं उकरलं तरी काळीभोर, भुसभुशीत माती लागते आणि ओंजळीत दोन-चार गांडुळं वळवळतात.

हे गेले ते चहाचा कप हातात असताना. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली आणि मी म्हणाले, नदीला न्यायची नाही, परसात सीताफळ लावून त्याच्या बुडाशी घालायची. हल्ली गावोगावी लोक रक्षा शेतात घालून झाड लावतात, त्यामुळं पाहुणे काही बोलले नाहीत. पण तुमची लेक उसळली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वैनी, माझा दादा काय शेणखत हाय व्हय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, त्यांचीच इच्छा होती." ती मटकन खाली बसली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा म्हणाला आसंल तर मी कोण नको म्हणणारी?" पहिली मूठ तिनंच सोडली. आत्या, हे असं कधीच म्हणाले नव्हते. मरणाचा विषय काढला की उठून वाफ्याला पाणी घालायला जायचे. आणि मी काय केलं, तर राखेचा जोर रोपाला लागू नये म्हणून तिच्यात दोन पाट्या मुरलेलं खत कालवलं. त्या घडीलाही हात तेवढे शहाणे राहिले, याचीसुद्धा लाज वाटते.

सीताफळानं चांगलं अंग धरलंय. तुमची लेक दर रविवारी भुईमुगाच्या टरफलांचं पोतं घेऊन येते, बुडाशी पसरते, भावाशी बोलत बसते. आल्या-गेल्याला कौतुकानं सांगते, दादाची शेवटची इच्छा. मी आत चहाचं आधण बघत राहते. गेल्या खेपेला हात झटकत म्हणाली, "पोरांना सांगून ठिवलंय वैनी. माझीबी रक्षा हितंच, दादाच्या बाजूला. नदी नगं." तुमच्या रक्षेचं गाठोडं छातीशी धरून नदीत उतरलेली ही तुमची लेक, आणि माझ्या एका खोट्यावर ती आपलं मरण बेतायला निघाली. खरं सांगावं तर तिचा भाऊ पुन्हा एकदा जाईल. गप्प बसावं तर तुमच्या दोन्ही लेकरांना मी तुमच्यापासून तोडलं असं होईल.

येत्या रविवारी ती पोरांना जागा दाखवायला आणणार आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, तरी विचारते: सांगू का गिळून टाकू? आणि एवढं लिहिलंच आहे तर हेही कबूल करते, की ते केलं ते माझ्यासाठीच. पाणी माणसाला कुठं नेतं ते मला कळत नाही. माती काय करते ते तुम्ही शिकवलंत, तेवढ्या भरवशावर ठेवून घेतलं त्यांना. हवं तर चार शब्द खडसून लिहा, पण लवकर लिहा आत्या, रविवारच्या आत.